दम न लागणारी माणसं

आमच्याकडे माणूस गेल्याचा निरोप तसा कुणी देत नाही. 'जास्त झालंय, निघून या' एवढंच सांगतात. ऐकणाऱ्याने ते वाटभर स्वतःशी उलगडत यायचं. मला हा निरोप आमच्या गावच्या एसटीच्या कंडक्टरने आणून दिला. मी नगरला आमच्या युवक मंडळाच्या खोलीत सायक्लोस्टाईलवर पत्रकं काढत होतो, हात कोपरापर्यंत शाईने बरबटलेले. कंडक्टर दारातच उभा राहिला, आत आला नाही. म्हणाला, "तुमच्या शालनला जास्त झालंय. तात्यांनी सांगितलंय, निघून या." मी विचारलं, जास्त म्हणजे किती? तो खाली बघून म्हणाला, "मला एवढंच सांगितलंय." मग सबंध रस्ता मी त्या एका शब्दाशी भांडत बसलो. मागे एकदा तिला खरोखरच जास्त झालं होतं, तेव्हाही हाच निरोप आला होता, आणि मी धापा टाकत पोचलो तर ही बया भिंतीला टेकून पेज पीत बसलेली. वर मलाच म्हणाली, "एवढा का पळत आलास दादा? पुस्तक आनलंस का?" म्हणजे या शब्दाचा तो आतला अर्थ एकदा खोटा ठरला होता. दुसऱ्यांदाही ठरू शकतो, असं मी स्वतःला सांगत होतो... गाडी फाट्यावर थांबली. एरवी मला घ्यायला कुणी येत नाही, त्या दिवशी भावकीतले दोघं जण उभे होते. एकाच माणसाला घ्यायला दोघं. मला कळलं.

शालन माझी चुलत बहीण, तात्या माझे काका आणि तिचे वडील. चौदा वर्षांची होती. मला पत्रकं लिहायची सवय आहे, आणि पत्रकात आधी मागणी लिहितात, मग कारणं. इथे मागणी काय लिहू? तरी एक आहे. आमच्या गावात आणि शेजारच्या दोन वाड्यांत बोललं जातंय की ही पोरगी पुस्तकं वाचून मेली. राक्षसांच्या, गुहांच्या, बुडत्या जहाजांच्या गोष्टी वाचून तिच्या छातीने धसका घेतला, आणि ती पुस्तकं नगरहून मी आणून देत होतो. हे खोटं आहे. ते खोटं आहे हे छापून यावं, म्हणून हा लेख. बाकी जे आठवेल ते आठवेल.

तिला आधी सांधे धरण्याचा ताप आला. आज गुडघा सुजायचा, तो उतरला की मनगट. गावात सगळ्यांनी त्याला वात म्हटलं आणि सोडून दिलं. वर्षभराने ती शाळेच्या पायऱ्या चढताना मध्येच बसायला लागली, तेव्हा तात्या आणि काकी तिला नगरच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. मी बरोबर होतो. डॉक्टरांनी नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि सांगितलं की हृदयातली एक झडप खराब झाली आहे, घसा धरला की हा आजार पुन्हा उलटतो, म्हणून दर महिन्याला पेनिसिलीनचं इंजेक्शन चुकवायचं नाही. मग काकीकडे वळून सोप्या भाषेत म्हणाले, "बाई, हिची छाती धडधडेल असं काही होऊ देऊ नका." डॉक्टरांच्या मनात पाण्याचे हंडे होते, धावाधाव होती, डोंगर चढणं होतं. काकीने ते वाक्य जसंच्या तसं उचललं. छाती धडधडेल असं काही... घरी आल्यावर हंडे तिने स्वतःच्या डोक्यावर घेतले, ते ठीक झालं. पण त्याच संध्याकाळी शालनच्या उशाचं पुस्तकही तिने उचलून कणगीमागे ठेवून दिलं. कारण काकीला अक्षरओळख नसली तरी एवढं ठाऊक होतं की ते पुस्तक वाचताना पोरगी श्वास धरून बसते.

त्या आठवड्यात घरात जे भांडण झालं ते मला अजून ऐकू येतं. मी मोठा सेन्सॉरशाहीचा विरोधक. आमचं एक पत्रक जप्त झाल्याचा मला कोण अभिमान होता. आणि आता माझ्याच काकीने एक पुस्तक जप्त केलं होतं. मी म्हणालो, "काकी, वाचायला बंदी घालणं हा अन्याय आहे." काकी भाकरी थापत होती. म्हणाली, "आसंल. तू अन्याव बघ, मी पोरगी बघते." तात्या बिचारे दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडून आलेले, ते म्हणाले, "धम्माची पुस्तकं वाच की गं. शांत आसत्यात." शालन म्हणाली, "ती वाचली. त्यात सगळ्यांना सगळं आधीच ठावं असतंय."

तोड काढली ती शालननेच. ती काकीला म्हणाली, "तुला माजी छाती राखायची हाय ना? मग मी वाचते तवा हात ठिव माज्या पाठीवर. पळाया लागली की सांग. मी थांबन." काकीला वाटलं, बघू एक दिवस. आणि मग तो आमच्या घरातला रिवाजच झाला. दुपारची कामं उरकली की काकी भिंतीला टेकून बसायची, शालन तिच्यापुढे पाठ करून, आणि काकीचा उजवा तळवा तिच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, सपाट. पोरगी वाचायची. ठोके वाढले की काकी म्हणायची, "थांब." शालनने पुस्तकात बोट घालून पुस्तक मिटायचं आणि समोरच्या भिंतीकडे बघत बसायचं. काकी विचारायची, "काय झालं आता?" मग शालन सांगायची, कुठे काय अडलंय, कोण दाराआड उभा आहे. सांगता सांगता छाती खाली यायची. "हं, वाच." असं थांबत थांबत. एक पुस्तक संपायला किती दिवस जायचे याचा हिशेब नाही. पण माझ्या निरक्षर काकीने अशी कितीतरी पुस्तकं पोरीच्या पाठीवरून ऐकली.

आणि शालनची मतं... मला त्यांच्याविषयी लिहायचं आहे, कारण मेलेल्या मुलींविषयी सगळे म्हणतात की गुणी होती, अबोल होती. शालन अबोल मुळीच नव्हती. मी शनिवारी गेलो की अंगणात पाय ठेवायच्या आत ती मागच्या पुस्तकाचा निकाल लावायची. एका पुस्तकात एक राजपुत्र सरोवराच्या तळाशी उतरून एकामागून एक दारं उघडत मणी आणायला जातो. ते पुस्तक तिने माझ्यापुढे जवळजवळ टाकलंच. म्हणाली, "दादा, ह्यो पान्याखाली गेला, लढला, वर आला, लगीन केलं. एकदाबी दम लागला न्हाई ह्याला." मी म्हटलं, अगं जादूची गोष्ट आहे. "मग जादू कर की दम लागायची. तेवढीच न्हाई जमत व्हय लिहिनाऱ्याला?" तेव्हापासून ती प्रत्येक पुस्तकाला हीच कसोटी लावू लागली. दऱ्या ओलांडणारे, तट चढणारे, घोड्यावरून दिवसरात्र दौडणारे, कुणालाही दम लागत नाही. कुणी मध्येच दगडावर बसून म्हणत नाही की थांबा रे जरा. तिने त्यांना नावच ठेवलं होतं, दम न लागणारी माणसं. तात्या एकदा कामावरच्या मुकादमाविषयी बोलत होते, की तो सावलीत बसून आम्हाला म्हणतो, हात चालवा. शालन म्हणाली, "म्हंजी ह्यो पुस्तकं लिहीत असंल."

दुसऱ्या एका पुस्तकात काही पोरं ओसाड बेटावर अडकतात. ते तिला निम्म्यापर्यंत आवडलं. पुढे त्या पोरांना भूक लागली की नारळ सापडतो आणि तहान लागली की झरा. "ह्या लिहिनाऱ्याच्या गावात टँकर येत नसंल," असं ती म्हणाली. आमच्या गावात तेव्हा टँकरची वाट बघत बायका विहिरीच्या काठावर भांडी मांडून बसत होत्या, त्यामुळे हे मत वस्तीभर झालं आणि बायका हसल्या. जंगलाच्या एका गोष्टीत वाघापेक्षा पाऊसच जास्त भीतीदायक वाटतो असंही ती म्हणाली होती, कारण आमच्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात मामाच्या गावी भातलावणीच्या दिवसांत तिने दरडीवरून आलेलं पाणी पाहिलं होतं. "वाघ एका माणसाला धरतो, पानी घर धरतं." आणि राक्षस. "समदे राक्षस काळेच का? माझा बाप काळाच हाय, आन तो तर कोंबडीलाबी भितो." तात्या हे ऐकून खाटेवर उठून बसले. "कोंबडीला न्हाई, कोंबड्याला," ते म्हणाले. "त्यो चोच मारतो."

पण खरा वाद असायचा तो मायलेकींचा. शालन एखादं पुस्तक मिटून म्हणायची, "बेकार हुतं." लगेच मागून काकी, "खोटं बोलती. त्या भुयाराच्या जागी छाती घोड्यावानी पळत हुती हिची." शालन म्हणायची, "ती पळली, मला न्हाई आवडलं." काकी म्हणायची, "तुजी छाती का शेजारच्या बाईची?" मी आजवर पुस्तकांवर बरेच वाद ऐकले, काहींत स्वतः घसा फोडून बोललो, पण वाचणारीच्या मताविरुद्ध तिच्याच ठोक्यांची साक्ष काढलेली दुसरीकडे पाहिली नाही. एकदा मात्र दोघींचं एकमत झालं. एका गोष्टीत लंगडा वाटाड्या होता. तो डोंगर चढताना दर वळणावर बसायचा, पाय चोळायचा, आणि बाकीचे कंटाळले तरी उठायचा नाही. शालन ते पान पुन्हा पुन्हा वाचायची. "हा बसतो, दादा," ती मला म्हणाली. तिच्या तोंडून मी ऐकलेली ती सगळ्यात मोठी स्तुती.

हे सगळं चालू असताना भीती घरातच असायची. कितीही हसलो तरी प्रत्येक जण कान देऊन तिचा श्वास ऐकायचा. तिचा घसा बसला असं वाटलं की काकीच्या हातातली भाकरी करपायची. तात्या कामावरून आल्यावर आधी दारातून आत डोकावायचे आणि मगच पायातल्या वहाणा काढायचे. मी नगरहून निघाल्यावर फाट्यावर कुणी उभं आहे का, हे गाडीच्या खिडकीतून आधी बघायचो. ओळखीचं कुणी दिसलं नाही की बरं वाटायचं.

आणि आता ते इंजेक्शन. जवळच्या सरकारी दवाखान्यात ते मिळायचं. दुष्काळ पडला आणि मिळेनासं झालं. काकी पोरीला बैलगाडीत घालून न्यायची, आणि तिथे उत्तर ठरलेलं, "संपलंय, पुढच्या आठवड्यात या." पुढच्या आठवड्यात कंपाउंडर म्हणायचा, डॉक्टरसाहेब नाहीत, त्यांना दुष्काळी कामाच्या छावणीवर नेलंय. दवाखान्यात औषध नाही, औषध आलं तर टोचणारा नाही, टोचणारा आला तर पुन्हा औषध नाही. मी नगरच्या दुकानातून कुपी विकत घेऊन गेलो. बाहेरची कुपी टोचायची परवानगी नाही म्हणाले, पेनिसिलीन अंगावर आलं तर जबाबदारी कुणाची? मी विचारलं, आणि नाही टोचलं तर जबाबदारी कुणाची? ते म्हणाले, असं वाकडं बोलू नका. मी पत्रक काढलं. 'दवाखान्याला औषध कोण देणार?' असा मथळा होता. बाजाराच्या दिवशी वाटलं. त्या महिन्यात इंजेक्शन मिळालं, हे कबूल केलं पाहिजे. तिथल्या एका बाबूने मला ऐकवलंही, "मिळालं ना? उगाच बोंबलता." त्याच्या पुढच्या महिन्यात नाही मिळालं. त्याच्याही पुढच्या महिन्यात नाही. पत्रकाचा दम तेवढाच.

घसा धरला तो त्यानंतर. मग ताप, मग पायांवर सूज. शेवटी शेवटी तिला आडवं झोपवेना. तात्यांनी धान्याच्या रिकाम्या पोत्यांत भुसा भरून तिच्या पाठीमागे उतरंड लावली होती, तिला टेकून ती बसल्या बसल्या झोपायची. नगरला हलवायचं ठरलं होतं, जीप मिळायची वाट बघत होतो. मी तिला शेवटचं पाहिलं तो रविवार होता. तिच्यापाशी गुहेचं एक पुस्तक होतं. काही माणसं डोंगराच्या पोटात शिरतात, मागे दरड कोसळते, आणि मशालीचं तेल संपत आलेलं असतं. ती पान वाचायची आणि डोळे मिटायची. आता काकीला 'थांब' म्हणावं लागत नव्हतं, पोरगी आपणच थांबत होती. पाठीमागे पोती असल्याने काकीचा हात आता तिच्या छातीवर असायचा. मी विचारलं, "कसं आहे गं हे?" ती दम घेऊन म्हणाली, "चांगलं हाय. ह्यात हवा कमी पडती समद्यांना... हे खरं लिहिलंय." मग म्हणाली, "बाहेर पडत्याल का रे? सांगू नगस पन." मला माहीत नव्हतं. मी ते पुस्तक वाचलेलं नव्हतं, नुसतं वाचनालयाच्या कपाटातून उचलून आणलं होतं. मी म्हणालो, "सांगत नाही." आणि गाडी धरली. दोन दिवसांनी कंडक्टर दारात आला.

पुण्यानुमोदनाला सगळी वस्ती जमली होती. वंदना झाली, आणि माणसं उठायच्या बेतात असताना नात्यातलेच एक म्हातारे आजोबा म्हणाले, "पोरीला नको ती पुस्तकं दिली. धडकी भरली तिला. आपल्यातल्या शिकलेल्यांना एवढं तरी कळाया पायजे हुतं." कुणी माझ्याकडे पाहिलं नाही, म्हणजे सगळ्यांनी पाहिलं. मला उत्तर देता आलं असतं. झडप, घसा, इंजेक्शन, सगळं तोंडपाठ होतं, त्यावर तर मी पत्रक काढलं होतं. पण काकी समोर बसली होती, आणि तीही हेच मानत असेल तर? डॉक्टरांचं ते वाक्य तिने मनापासून धरलं होतं. छाती धडधडेल असं काही... आणि मी दर शनिवारी पिशवीत तेच घालून आणत होतो. मी गप्प बसलो. मी त्याच दिवशी नगरला परतलो. गुहेचं पुस्तक तात्यांनी माझ्या पिशवीत घातलं होतं, तेही वाचनालयात देऊन टाकलं. पुढचे तीन-चार आठवडे मी गावाकडे फिरकलो नाही. काम आहे असा निरोप धाडत राहिलो. काम नव्हतं. काकी काय म्हणेल याची भीती होती.

गेल्या शनिवारी गेलो. काकी घरात एकटीच होती, बाजरी पाखडत होती. चहा टाकते म्हणाली, मी नको म्हणालो. मग मीच उभ्या उभ्या विचारलं, "काकी, तुला काय वाटतं? पुस्तकांनी झालं का?" तिने सूप खाली ठेवलं. "त्या म्हाताऱ्याचं घेऊन बसलास व्हय," ती म्हणाली. "त्यानं कदी हात लावला हुता का तिच्या पाठीला? माझा हात हुता. रोज हुता. पुस्तकानं पळायची छाती येगळी आन दुखन्यानं पळायची येगळी. पुस्तकानं पळली की थांब म्हनल्यावर थांबायची. सांगता सांगता खाली यायची, माज्या हाताखाली. दुखन्यानं पळली तवा मी किती थांब म्हनले..." बाहेर कुणाची तरी शेळी ओरडत होती आणि काकी सुपातले खडे उगाच एका बाजूला सारत होती.

मग तिने विचारलं, "त्या गुहेतनं बाहेर पडली का रं ती मानसं?" मला आधी कळेना. मग लक्षात आलं, तिला गोष्ट त्या पानापर्यंत ठाऊक होती, पुढची नाही. मी म्हणालो, "मी वाचलेलं नाही. आणतो आणि तुला वाचून दाखवतो." सोमवारी वाचनालयात गेलो. कपाटात पुस्तक नव्हतं. नगरचीच एक शाळकरी मुलगी घेऊन गेली होती. मी तिथल्या कारकुनाशी थोडा वादही घातला, सवयीने, की एका माणसाला ते फार गरजेचं आहे. तो म्हणाला, "तिलाही गरजेचंच असेल साहेब. नाव लिहून ठेवा." मी ठेवलं.

बुधवारी कंडक्टरबरोबर नुसता निरोप न पाठवता मी स्वतःच गावाला गेलो आणि काकीला सांगितलं की पुस्तक एका पोरीने नेलंय, तिचं झालं की आपल्याला मिळेल. काकी म्हणाली, "वाचू दे तिला. घाई करू नगस." मी बरं म्हणालो आणि गाडी चुकेल म्हणून उठलो. चपला घालत होतो तर तिने आतून हाक मारली.

"आशोक, त्या पोरीची छाती बरी हाय ना पन?"

मी म्हणालो, असेल की.

"असंल न्हवं," काकी म्हणाली. "इचारून ये."